दगडावर नाव, कागदावर चूक

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ड्रिलफील्ड नावाचं मोठं हिरवं मैदान आहे. त्याच्या काठाला, बरस हॉलच्या समोर, ३२ दगड अर्धवर्तुळात बसवलेले आहेत. हा त्याच डोंगराळ भागातला करडा चुनखडक, विद्यापीठाच्या इमारतीही याच दगडाच्या. तिथली मुलं त्याला होकी स्टोन म्हणतात. एकेक दगड ३०० पौंडांचा, म्हणजे साधारण १३६ किलोंचा, आणि प्रत्येकावर एक नाव कोरलेलं. १६ एप्रिल २००७ च्या सकाळी या आवारात गोळीबारात मारले गेलेले हे ३२ जण: २७ विद्यार्थी आणि ५ प्राध्यापक. तमिळनाडूतून येऊन पाव शतक तिथे जलशास्त्र शिकवणारे जी. व्ही. लोगनाथन त्यांत आहेत. मुंबईहून वास्तुशास्त्राच्या पुढच्या शिक्षणासाठी गेलेली एक मुलगीही आहे.

घटनेच्या रात्रीच विद्यार्थ्यांनी आपणहून दगड आणून मांडले होते. विद्यापीठाने त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्या कल्पनेला कायमचं रूप दिलं. इतकं साधं आणि मनापासूनचं स्मारक क्वचितच कुठे असेल. तरीही ते अर्धं आहे, असं माझं ठाम मत आहे. कोण गेलं ते दगड सांगतात. कशामुळे गेलं, काय केलं असतं तर वाचले असते, हे सापडतं गव्हर्नरने नेमलेल्या चौकशी मंडळाच्या ऑगस्ट २००७ च्या अहवालात, आणि तो उघडणारे फार थोडे. शाळा-कॉलेजातल्या हिंसेत बळी गेलेल्यांचं स्मरण पूर्ण व्हायचं असेल, तर नावांइतक्याच ठळकपणे चुकाही लिहिल्या पाहिजेत, आणि फुलं वाहायच्या दिवशी त्या सर्वांसमोर वाचल्या पाहिजेत. मारणाऱ्याचं नाव मात्र कुठेही नको. अशी कृत्यं करणाऱ्यांपैकी अनेकांनी आधीच्या मारेकऱ्यांचा बारकाईने अभ्यास केलेला तपासात आढळला आहे. त्यांना हवी असलेली प्रसिद्धी आपण का पुरवायची?

आता त्या सकाळच्या चुका पाहू. सव्वासातच्या सुमारास वेस्ट अ‍ॅम्बलर जॉन्स्टन वसतिगृहात दोघांना गोळ्या घालण्यात आल्या. पोलिसांनी हे प्रेमप्रकरणातलं भांडण असावं असा तर्क बांधला आणि मृत मुलीच्या मित्राचा शोध सुरू केला. तर्क चुकीचा निघाला. पण तर्क चुकणं ही इथली मोठी चूक नव्हे, तपासात ते होतं. मोठी चूक अशी की तर्क खरा ठरेपर्यंत सगळ्यांना सावध करायला हवं होतं, ते झालं नाही. आवारातल्या पोलिसांना स्वतःहून सर्वांना संदेश धाडण्याची तांत्रिक सोयच नव्हती. वरिष्ठ अधिकाऱ्यांची समिती जमायची, मजकूर ठरायचा, मग तो जायचा. पहिला ई-मेल गेला ९ वाजून २६ मिनिटांनी, म्हणजे दोन तास उलटून गेल्यावर. वसतिगृहात गोळीबाराची घटना घडली आहे, सावध राहा, एवढाच त्याचा आशय. मारणारा अजून मोकळा आहे हे त्यात नव्हतं. तोवर नऊचे तास सुरू झाले होते. ९ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास नॉरिस हॉलमध्ये गोळीबार सुरू झाला. तो दहा-अकरा मिनिटं चालला आणि त्यात ३० जण गेले.

त्या इमारतीची दारं नीट समजून घेण्यासारखी आहेत. बाहेर पडण्याची मुख्य दारं मारेकऱ्याने आतून साखळदंडाने बांधून टाकली होती. साखळी ओवता येईल अशी हँडलं असलेलं जोडदार कुठेही असलं, तर ते आग लागल्यावरही माणसं अडकवू शकतं. वर्गांची दारं नेमकी उलट अडचणीची: त्यांना आतून कुलूपच लागत नव्हतं. २०४ क्रमांकाच्या वर्गात ७६ वर्षांचे लिविउ लिब्रेस्कू दार अंगाने रेटून उभे राहिले. त्यांच्या विद्यार्थ्यांनी दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांतून उड्या मारल्या आणि बहुतेक जण वाचले. नाझी छळातून लहानपणी बचावलेले हे रुमेनियन-इस्रायली प्राध्यापक त्या दारातच गेले. शेजारच्या २०५ मध्ये मुलांनी मोठं टेबल दाराला लावलं आणि जमिनीवर आडवं पडून हातापायांनी ते दाबून धरलं. दारातून गोळ्या आल्या, पण त्या वर्गात कुणालाही इजा झाली नाही. लिब्रेस्कूंच्या शौर्याबद्दल सगळीकडे लिहिलं गेलं आणि लिहायलाच हवं होतं. पण ज्या वर्गात शौर्यावाचून दार बंद राहत नाही, त्या वर्गाची रचनाच चुकलेली आहे, हेही त्याच दमात म्हणायला हवं.

कुलूप बसवतानाही चुका होतात. बाहेर व्हरांड्यात जाऊन किल्ली फिरवावी लागणारं कुलूप घाईच्या वेळी शिक्षकालाच गोळीच्या समोर उभं करतं. आतून नुसती आडवी कडी ठोकली तर दुसरा धोका: एखाद्याने तीच लावून मुलांना आत कोंडलं तर बाहेरून मदत पोहोचत नाही. आगीच्या वेळी किल्ली शोधत बसावं लागता कामा नये. म्हणून चांगल्या कुलपाच्या अटी तीन. वर्गातून बाहेर न जाता ते लावता यावं, आतून हँडलच्या एका हालचालीत उघडावं, आणि बाहेरून शाळेकडच्या किल्लीने उघडता यावं.

तिसरी चूक बंदुकीच्या दुकानातली. मारेकऱ्याला डिसेंबर २००५ मध्ये न्यायिक अधिकाऱ्याने स्वतःच्या जिवाला धोका असलेला ठरवून उपचाराचा आदेश दिला होता. अमेरिकेच्या संघराज्य कायद्याप्रमाणे अशा माणसाला बंदूक विकता येत नाही. पण व्हर्जिनिया राज्य केवळ इस्पितळात सक्तीने भरती केलेल्यांचीच नोंद कळवत असे आणि याला बाहेरून उपचार घ्यायला सांगितलं होतं. नोंद गेली नाही. २००७ च्या सुरुवातीला त्याने दोन पिस्तुलं घेतली आणि दोन्ही वेळा तपासणीत तो बिनदिक्कत पार झाला. जानेवारी २००८ मध्ये या नोंदी नीट कळवल्या जाव्यात म्हणून कायदा झाला. हे खरं स्मरणकार्य. तिथल्या प्रत्येक दगडाचा त्या कायद्यावर हक्क आहे.

इशारा उशिरा दिल्याबद्दल शिक्षण खात्याने विद्यापीठाला ५५,००० डॉलरचा दंड केला. तो वाद पुढे चालत राहून २०१४ मध्ये ३२,५०० डॉलरवर मिटला. दोन कुटुंबांच्या दाव्यात २०१२ मध्ये ज्यूरीने निष्काळजीपणा झाल्याचं म्हटलं, पण पुढच्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. कायद्याच्या दृष्टीने न्यायालय बरोबर असेल, त्यावर माझा वाद नाही. पण आई-वडिलांना हवी असते ती कबुली, आणि ती कोर्टकचेरीतून क्वचितच हाती लागते.

कबुली मिळते कशी, हे पाहायला जपानमध्ये जावं लागेल. ८ जून २००१ रोजी सकाळी दहा वाजून गेल्यावर ओसाका शिक्षण विद्यापीठाशी संलग्न इकेदा प्राथमिक शाळेत एक माणूस सुरी घेऊन शिरला. पहिली-दुसरीच्या वर्गांत त्याने आठ मुलांचा जीव घेतला आणि १३ मुलांना व दोन शिक्षकांना जखमी केलं. गाड्यांसाठीचं फाटक उघडं होतं. एका शिक्षकाने त्याला पाहिलं, मान लववली, उत्तर आलं नाही, तरी कोण, कुठले अशी चौकशी झाली नाही. जखमी मुलं नेमकी कुठे आहेत याचा पत्ता शाळेला वेळेवर लागला नाही. शिवाय त्याआधी डिसेंबर १९९९ मध्ये क्योटोतल्या एका शाळेच्या आवारात मुलाची हत्या झाली होती आणि शिक्षण मंत्रालयाने सुरक्षेबद्दल सूचनापत्रही काढलं होतं. ते पत्र पुढे अमलात उतरलं नाही.

दोन वर्षांनी, ८ जून २००३ रोजी, मंत्रालय, विद्यापीठ आणि शाळा या तिघांनी मृत मुलांच्या कुटुंबांबरोबर करार केला. त्यात माफी होती, भरपाई होती, आणि पुन्हा असं घडू नये म्हणून काय करणार हे लेखी होतं. आज शाळेच्या आवारात आठ घंटांचा मनोरा आहे आणि दरवर्षी ८ जूनला त्या घंटा वाजतात. पण स्मरण तिथे संपत नाही. येण्याजाण्याचं दार एकच, तिथे पहारेकरी, पालकांनाही ओळखपत्र गळ्यात घालावं लागतं. शिक्षक वर्षातून अनेकदा सराव करतात: एक जण घुसखोर होतो, बाकीचे सासुमाता घेऊन त्याला अडवतात. सासुमाता म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला इंग्रजी यू अक्षरासारखा धातूचा फाळका. तो घुसखोराला जखमी करण्यासाठी नसतो, पोलीस येईपर्यंत त्याला हातभर लांब भिंतीशी दाबून ठेवण्यासाठी असतो. एकट्याने वापरला तर समोरचा माणूस दांडाच पकडतो आणि हिसकावतो, म्हणून दोघा-तिघांनी वेगवेगळ्या बाजूंनी जायचं असतं. त्याच वेळी कुणी पोलिसांना फोन करायचा, कुणी मुलं मोजायची, कुणी जखमी कुठे आहेत ते लिहायचं, हेही वाटून दिलेलं असतं. २००१ साली जे जे चुकलं, ते ते या सरावात एकेका माणसाच्या वाट्याला आलेलं काम आहे. मुलांसाठी सुरक्षा हा तिथे वेळापत्रकातला विषय आहे. चूक मान्य केल्याखेरीज हे उभं राहिलं नसतं.

स्कॉटलंडमधल्या डनब्लेनने वेगळी वाट धरली. १३ मार्च १९९६ ला तिथल्या प्राथमिक शाळेच्या व्यायामशाळेत पाच-सहा वर्षांची १६ मुलं आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्या. पिस्तुलं परवान्याची होती. हा परवाना काढून घ्यावा, असं एका पोलीस अधिकाऱ्याने १९९१ मध्येच लेखी सुचवलं होतं. व्यायामशाळा महिन्याभरात पाडून टाकली, तिथे बाग केली. पण पालक आणि गावकरी एवढ्यावर थांबले नाहीत. त्या दिवसांत फुललेल्या स्नोड्रॉप या पांढऱ्या फुलाचं नाव घेऊन त्यांनी मोहीम काढली आणि सुमारे सात लाख सह्या संसदेपर्यंत नेल्या. १९९७ मध्ये दोन कायदे होऊन ब्रिटनमध्ये खासगी पिस्तुलं जवळपास पूर्ण बंद झाली. त्यानंतर तिथल्या कोणत्याही शाळेत असं हत्याकांड झालेलं नाही. माझ्या मते डनब्लेनचं सर्वांत मोठं स्मारक ते.

उलट उदाहरणही सांगायला हवं, कारण ते फार जाचतं. १९९९ मध्ये कोलोरॅडोतल्या कोलंबाईन हायस्कूलमध्ये गोळी लागलेले एक शिक्षक तीन तासांहून अधिक काळ रक्तस्राव होत पडून होते आणि पोलीस बाहेर खास पथकाची वाट पाहत होते. त्यातून देशभरचं पोलीस प्रशिक्षण बदललं: आधी पोहोचलेल्या पोलिसांनी थांबायचं नाही, आत शिरायचं. कोलंबाईनचं स्मारक झालं, पुस्तकं झाली, दरवर्षी भाषणं झाली. आणि २४ मे २०२२ ला टेक्ससच्या युवाल्डेत रॉब प्राथमिक शाळेत वेगवेगळ्या दलांचे मिळून ३७६ पोलीस जमा झाले असतानाही मारेकऱ्याला गाठायला ७७ मिनिटं गेली. आतून मुलं ९११ या तातडीच्या क्रमांकाला फोन करत होती. १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. त्या वर्गाचं कुलूप नीट लागत नाही हे शाळेत माहीत होतं, पण दुरुस्तीची रीतसर मागणी कधी नोंदवलीच गेली नाही, असं टेक्सस विधानसभेच्या समितीला आढळलं. कोलंबाईनचं नाव ठाऊक नसलेला एकही पोलीस त्या व्हरांड्यात नसेल. धडा मात्र कुणी अमलात आणला नाही.

मॉन्ट्रियलच्या पॉलिटेक्निकमध्ये ६ डिसेंबर १९८९ ला मारेकऱ्याने मुलांना आणि मुलींना वेगळं काढून १४ स्त्रियांना मारलं. आपण स्त्रीवाद्यांविरुद्ध लढतो आहोत, असं तो स्वतःच बोलला होता. तरी तिथल्या उद्यानातल्या फलकावर वर्षानुवर्षं एका दुःखद घटनेचा मोघम उल्लेख होता. हा स्त्रियांविरुद्धचा हल्ला होता, हे त्यावर यायला २०१९ साल उजाडलं. इतकी वर्षं ज्या मायबापांनी तो मोघम फलक पाहिला, त्यांच्यावर झालेला हा अन्यायच.

स्मरणाच्या दिवशी चुका अशा वाचण्याला दोन हरकती घेतल्या जातात. पहिली अशी की दुःखाच्या दिवशी चुका काढणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं. ज्यांची जखम आहे त्यांचं वागणं पाहिलं तर हे टिकत नाही. डनब्लेनचे पालक, इकेदाचे पालक, व्हर्जिनिया टेकच्या मृतांची कुटुंबं, सगळ्यांनीच आधी कारणं मागितली. मीठ झोंबतं ते संस्थेला. दुसरी हरकत वजनदार आहे: अशाने शाळांचे किल्ले होतील आणि मुलं घाबरी होतील. अमेरिकेत खोट्या गोळीबाराच्या आवाजात, रंगाचं रक्त लावून घेतलेल्या सरावांनी लहान मुलांना खरोखरच धसका बसतो आणि त्यातून नवं काही शिकायला मिळत नाही. असे सराव बंदच व्हावेत. शिक्षकांचा सराव मुलं घरी गेल्यावर घेता येतो. मुलांना शांतपणे ओळीत बसायला आणि गप्प राहायला शिकवणं पुरतं. कुलूप, फाटक, संदेशयंत्रणा ही मोठ्या माणसांची कामं आहेत, मुलांच्या मनावर त्यांचं ओझं टाकायचं कारण नाही.

आपल्याकडे शिक्षणसंस्थांतली हिंसा बहुतेकदा बंदुकीने येत नाही. ती रॅगिंगच्या, मारहाणीच्या, लैंगिक अत्याचाराच्या रूपात येते. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २००९ चे. अत्याचाराला बळी पडलेल्या मुलांची नावं कायद्याने छापता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. म्हणून इथे चुकांची यादी आणखी महत्त्वाची: नावाचा दगड बसवता येत नसेल, तेव्हा स्मरणाला दुसरी जागाच उरत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या प्रकरणानंतर शाळांना सीसीटीव्ही सक्तीचे झाले. कॅमेरा बसला, पण चित्रण रोज कोण पाहतं, किती दिवस साठतं, स्वच्छतागृहाच्या वाटेवर महिला कर्मचारी असते का, हे पालकसभेत विचारणारे किती?

आणि आता ज्यांच्या घरातून मुलं अमेरिकेला निघाली आहेत त्यांच्यासाठी. रँकिंग, शिष्यवृत्ती, पॅकेज, व्हिसा यांची चौकशी आपण महिनोन्महिने करतो. तशी सुरक्षेचीही करता येते, त्यासाठी तिथे एक कायदा आहे. १९८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात जीन क्लेरी या १९ वर्षांच्या मुलीचा वसतिगृहातल्या खोलीत खून झाला. आपोआप बंद होणारी दारं मुलांनी पिझ्झाच्या खोक्यांनी अडवून उघडी ठेवली होती आणि हे तिथे नेहमीचंच होतं. तिच्या आई-वडिलांच्या लढ्यातून १९९० चा कायदा आला. आज तो तिच्याच नावाने ओळखला जातो. त्यानुसार जवळपास प्रत्येक विद्यापीठाला दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत मागच्या तीन वर्षांच्या गुन्ह्यांचा सुरक्षा अहवाल प्रसिद्ध करावा लागतो. विद्यापीठाच्या नावापुढे क्लेरी रिपोर्ट असं शोधलं की तो मिळतो, आणि वाचायला एक संध्याकाळ पुरते. २०२४ च्या डिसेंबरात झालेल्या दुरुस्तीमुळे रॅगिंगचे आकडेही त्यात येणार आहेत.

वाचताना दोन ठिकाणी फसगत होते. लैंगिक गुन्ह्यांपुढे शून्य दिसलं की पालक निश्चिंत होतात. हजारो विद्यार्थ्यांच्या आवारात तीन वर्षं शून्य म्हणजे बहुधा तक्रार करायलाच कुणी धजत नाही, असा अर्थ निघतो. त्यापेक्षा तक्रारी नोंदलेल्या जागा बऱ्या. दुसरं म्हणजे हे आकडे आवार, विद्यापीठाची वसतिगृहं, विद्यापीठाच्या ताब्यातल्या इतर जागा आणि लगतचे रस्ते यांचेच असतात. आपली पदव्युत्तर मुलं चौघं-पाच जण मिळून बाहेर भाड्याने घर घेतात. तिथली घरफोडी किंवा लूट या अहवालात येत नाही. त्यासाठी त्या शहराच्या पोलिसांची नोंद पाहावी लागते. आवारातल्या पोलिसांकडे रोजच्या गुन्ह्यांची नोंदवही असते. मागच्या साठ दिवसांची पानं कामाच्या वेळेत कुणालाही पाहता येतात, विद्यार्थी असण्याचीही अट नाही.

उन्हाळ्यात मुलांकडे गेलेले आई-बाबा वॉशिंग्टनहून दक्षिणेकडे आंतरराज्य महामार्ग ८१ ने खाली जातात, तेव्हा ब्लॅक्सबर्ग वाटेवरून थोडंसंच आत आहे. ११८ क्रमांकाचा फाटा घ्यायचा. जरूर जावं. नॉरिस हॉल अजून वापरात आहे, मारल्या गेलेल्या एका प्राध्यापिकेच्या पतीने पुढाकार घेऊन तिथे हिंसा-प्रतिबंधाचं अभ्यासकेंद्र उभं केलं. दगडांपाशी उभं राहून नावं वाचावीत, फोटोसाठी त्यांना टेकू नये. आणि त्याच मुक्कामात मुलाच्या किंवा मुलीच्या फोनवरची एक गोष्ट तपासावी. विद्यापीठाच्या तातडीच्या संदेशासाठी नोंदवलेला क्रमांक अनेकदा प्रवेशाच्या वेळचा भारतीय असतो. पोहोचल्यावर नवं सिम घेतलं जातं आणि नोंद बदलायची राहून जाते. तसं झालं तर २००७ पासून उभी राहिलेली ती सगळी यंत्रणा इशारा पाठवेल, आणि तो ठाण्याला किंवा नाशिकला बंद पडलेल्या क्रमांकावर जाईल. विद्यार्थी-खात्यात जाऊन नवा क्रमांक भरायला दोन मिनिटं लागतात.